वळणावर जे घडले ते स्टुअर्डांना सांगा

प्रश्न : मी वीस वर्षांचा अप्रेंटिस जॉकी आहे. दीड महिन्यापूर्वी एका रेसमध्ये शेवटच्या वळणावर मी रेलच्या, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या कठड्याच्या, कडेने तिसऱ्या जागी धावत होतो. बाहेरून एक सीनियर जॉकी माझ्यापुढे घोड्याची जेमतेम अर्धी लांबी निघाला असेल, तोच त्याने घोडा आत घेतला. मी ओरडलो. त्याने मान वळवून पाहिले आणि तरीही तो आत येत राहिला. मला लगाम खेचावा लागला, माझ्या घोड्याचे पुढचे पाय त्याच्या घोड्याच्या मागच्या खुरांना लागले, घोडा गुडघ्यांवर गेला आणि कसाबसा सावरला. चौकशीच्या आधी जॉकी रूममध्ये तो मला म्हणाला, "तुझा घोडा आत ओढत होता एवढंच सांग. इथं कुणी कुणाच्या पोटावर पाय देत नाही." मी तसेच सांगितले आणि प्रकरण मिटले. गेल्या आठवड्यात त्याने दुसऱ्या एका अप्रेंटिसला तसेच रेलकडे दाबले. तो पडला आणि त्याचे कॉलरबोन मोडले. माझे ट्रेनर म्हणतात, "झालं ते झालं, पुढच्या वेळी तू त्याला रेल दाखव." मी काय करू? आता खरे सांगितले तर मलाच शिक्षा होईल का?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेणे योग्य होईल, कारण बाकी सगळे त्याच्यामागे अडकून पडले आहे. होय, शिक्षा होऊ शकते. रेसिंग जिथे नियमाने चालते तिथे स्टुअर्डांना, म्हणजे रेसवर देखरेख ठेवून चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांना, खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा मानला जातो, आणि तुम्ही चौकशीत जे सांगितले ते खरे नव्हते. दंड होईल, काही दिवसांचे निलंबन होईल की समज देऊन सोडतील, हे तिथल्या नियमांवर आणि समोर बसलेल्या स्टुअर्डांवर अवलंबून आहे. तुम्हाला काहीच होणार नाही असे जो आताच सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तरीही माझा सल्ला स्पष्ट आहे. तुम्ही जावे, लवकर जावे आणि बोलावणे येण्याआधी स्वतःहून जावे. दुसऱ्या मुलाच्या अपघाताची चौकशी होईल तेव्हा त्या जॉकीच्या मागच्या रेसचे चित्रण पुन्हा काढले जाण्याची शक्यता बरीच आहे. त्यात तुमचा घोडा आत ओढत नव्हता हे दिसले, तर तुम्ही स्वतःहून खुलासा देणारे राहणार नाही, तुमच्याकडे खुलासा मागितला जाईल.

त्या वळणावर नेमके काय घडले हे तुम्ही अनुभवले आहे, पण जॉकी रूममध्ये "थोडं घासलं एवढंच" अशा शब्दांत ते इतके लहान करून सांगितले जाते की काही दिवसांनी ज्याच्यावर बेतले होते त्यालाही ते तेवढेच वाटू लागते. म्हणून ते पुन्हा नीट पाहा. रेसचा घोडा साधारण 500 किलो वजनाचा असतो आणि भरधाव असताना ताशी 60 किलोमीटरच्या आसपास, कमी अंतराच्या रेसमध्ये त्याहूनही वेगाने जातो. या वेगात एक लांबी, म्हणजे घोड्याच्या नाकापासून शेपटीपर्यंतचे सुमारे अडीच मीटर अंतर, सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्शात कापले जाते. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर माणसाचा हात हलायलाच सेकंदाचा चौथा-पाचवा हिस्सा लागतो. म्हणजे एका लांबीपेक्षा कमी अंतर ठेवून कोणी तुमच्यापुढे आडवा आला, तर कितीही तरबेज जॉकी असला तरी त्याची प्रतिक्रिया उशिराच होणार, आणि अर्ध्या लांबीवर आडवे येणाऱ्या जॉकीने तुमच्या कौशल्यावर काहीही सोडलेले नसते. पुढच्या घोड्याच्या मागच्या खुरांना तुमच्या घोड्याचे पुढचे पाय लागले की ते पाय टाकण्याची जागाच नाहीशी होते. मागून येणारे वजन पुढे कोसळते आणि आखूड रिकिबींत केवळ चवड्यांवर तोल धरून असलेला जॉकी घोड्याच्या मानेवरून थेट समोर फेकला जातो. मागे धावणाऱ्या घोड्यांना हे काहीच दिसलेले नसते. तुमचा घोडा सावरला हे त्या घोड्याचे आणि तुमच्या हातांचे श्रेय आहे. आत आलेल्या जॉकीला त्यातले काडीचेही श्रेय नाही, आणि परिणाम गंभीर झाला नाही म्हणून त्याची कृती सौम्य ठरत नाही.

म्हणूनच दुसऱ्या घोड्यापुढून लाइन बदलताना पुरेसे मोकळे अंतर असले पाहिजे ही अपेक्षा सगळीकडच्या नियमांत कोणत्या ना कोणत्या शब्दांत आहे. ऑस्ट्रेलियात स्टुअर्डांची प्रत्यक्षातली कसोटी साधारण दोन मोकळ्या लांब्यांची असते. ही कसोटी मोडणाऱ्या सगळ्यांना मात्र एकाच मापाने मोजले जात नाही. ब्रिटिश नियमांत निष्काळजी, अनुचित आणि धोकादायक अशा चढत्या पायऱ्या आहेत; ऑस्ट्रेलियात निष्काळजी, बेदरकार, अनुचित, अकुशल आणि डावपेचाने केलेली दुष्ट स्वारी असे भेद केलेले आहेत. ब्रिटनमध्ये धोकादायक स्वारी म्हणजे दुसऱ्या घोड्याला किंवा जॉकीला जाणूनबुजून अडवणे, किंवा सक्षम आणि सावध जॉकीच्या पातळीपेक्षा फारच खाली जाऊन अशी स्वारी करणे, की जीव धोक्यात येईल हे तशा कोणत्याही जॉकीला उघड दिसले असते. यातला दुसरा भाग तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एखाद्याच्या मनात दुष्ट हेतू होता हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते, आणि नियमाला दर वेळी ते सिद्ध करावेही लागत नाही.

त्यामुळे तुमच्या पत्रातले "त्याने मान वळवून पाहिले" हे वाक्य माझ्या मते सर्वांत वजनदार आहे. त्याआधीचे सगळे निष्काळजीपणात बसू शकते. वळणावर जागेचा अंदाज चुकतो, आत कोणी आहे हे कळत नाही, घोडा थकून कलतो. निष्काळजीपणा मोठमोठ्या जॉकींकडूनही होतो. ऑस्ट्रेलियातल्या 2015 च्या मेलबर्न कप या रेसमध्ये फ्रँकी डेटोरी यांचा मॅक्स डायनामाइट हा घोडा दुसरा आला, पण वाटेत इतर घोड्यांना अडथळा केल्याबद्दल डेटोरी यांना एक महिन्याचे निलंबन आणि 20,000 ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. त्यांनी कोणाला पाडायला ती स्वारी केली असे कोणीही म्हटले नाही. पण आत घोडा आहे हे पाहिल्यानंतर, ओरडणे ऐकल्यानंतर, तीच हालचाल चालू ठेवणे याचे वजन वेगळे आहे. ही पायरी निष्काळजीपणाची की धोकादायक स्वारीची, हे ठरवणे मात्र तुमचे काम नाही. "त्याला मला पाडायचे होते" हे वाक्य तुमच्या तोंडून येता कामा नये, कारण ते तुम्ही पाहिलेले नाही. मी ओरडलो, त्याची मान आतल्या बाजूला वळली, त्यानंतरही त्याचा घोडा आत येत राहिला, हे तुम्ही पाहिले आहे आणि तेवढेच सांगायचे आहे. समोरून घेतलेल्या चित्रणात मान वळलेली दिसत असेल तर तुमच्या शब्दाला आधार मिळेल. दिसत नसेल, तर तुमच्या सांगण्याशिवाय ती गोष्ट कुठेच नोंदली जाणार नाही.

रेसमध्ये ज्याच्यावर बेतते तो अनेकदा गप्प राहतो, आणि त्यामागे दर वेळी भीतीच असते असेही नाही. अमेरिकेतल्या 2019 च्या केंटकी डर्बी या रेसमध्ये सगळ्यात पुढे धावणारा मॅक्झिमम सिक्युरिटी हा घोडा शेवटच्या वळणावर बाहेरच्या बाजूला सरकला. त्याच्या मागे असलेल्या वॉर ऑफ विलचे पुढचे पाय त्याच्या मागच्या पायांमध्ये जाताना चित्रणात दिसतात. तो घोडा पडला असता तर मागचे किती घोडे त्याच्यावर आले असते याची कल्पना करवत नाही. तरीही वॉर ऑफ विलच्या जॉकीने आक्षेप घेतला नाही. आक्षेप घेतला तो दुसऱ्या आलेल्या कंट्री हाउसच्या आणि मागे राहिलेल्या लाँग रेंज टॉडीच्या जॉकींनी. स्टुअर्डांनी सुमारे 22 मिनिटे चित्रण पुन्हा पुन्हा पाहिले, मॅक्झिमम सिक्युरिटीला सतराव्या स्थानी टाकले आणि कंट्री हाउसला विजेता जाहीर केले. मॅक्झिमम सिक्युरिटीचे जॉकी लुईस साएझ यांनी घोडा लहान वयाचा आहे, गर्दीच्या आवाजाने बिचकला, असे सांगितले होते; त्यांना नंतर पंधरा दिवसांचे निलंबन झाले. घोडा बिचकू शकतो हे कोणीच नाकारत नाही. बिचकलेल्या घोड्याला शक्य तितक्या लवकर सरळ करणे ही जॉकीची जबाबदारी आहे, आणि साएझ यांनी ती कशी पार पाडली हे त्या चित्रणावरून तपासले गेले.

इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण तुमच्या प्रकरणातही तो गोंधळ झालेला दिसतो. अडथळ्याच्या चौकशीत दोन वेगळे प्रश्न असतात. घोड्यांचा क्रम बदलायचा का, हा एक. आणि जॉकीने चूक केली का, हा दुसरा. ब्रिटनसारख्या देशांत अडथळा झालेला घोडा अन्यथा पुढे आला असता असे स्टुअर्डांना पटले तरच निकाल बदलतो, आणि फ्रान्सनेही 2018 पासून हीच पद्धत स्वीकारली आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी निकष याहून कडक आहे. अडथळ्यामुळे एखाद्या घोड्याची जागा गेली असे दिसले तरी अडथळा करणाऱ्याला त्याच्या मागे टाकतात. पण निकाल कायम राहिला म्हणजे जॉकी निर्दोष ठरला असा अर्थ कुठेच होत नाही. तुमच्या रेसचा निकाल आज कोणी बदलणार नाही, तो बदलावा अशी मागणीही तुम्ही करू नका. तुमचे निवेदन फक्त दुसऱ्या प्रश्नापुरते आहे. हे पहिल्याच वाक्यात सांगितलेत तर तुम्ही गमावलेल्या जागेसाठी भांडायला आलात असा समज होणार नाही.

आता थोडे कठोर विचारणे भाग आहे. ती जागा खरोखर तुमची होती का? रेलच्या कडेने आत शिरण्याचा मोह प्रत्येक तरुण जॉकीला होतो, कारण तिथे अंतर वाचते, आणि वळणावर पुढचा घोडा किंचित बाहेर सरकला की जी फट दिसते ती पुष्कळदा अर्ध्या सेकंदात मिटणारीच असते. तुम्ही तिथे आधीपासून स्थिर धावत होता आणि त्याने येऊन ती जागा घेतली, की तो आधीच आत येऊ लागला असताना तुम्ही नसलेल्या फटीत घोडा घातला, यावर सगळे चित्र पालटते. तुमच्या पत्रावरून पहिलेच खरे वाटते, पण पत्र तुमच्या बाजूचे आहे. निवेदन देण्याआधी शक्य असेल तर चित्रण मागून घ्या, समोरचे आणि बाजूचे दोन्ही पाहा, आणि स्वतःच्या घोड्याच्या डोक्यावर नजर ठेवा. त्या जॉकीच्या घोड्याच्या डोक्यावर नाही. तुमचाही थोडा दोष दिसला तर तोही निवेदनात घाला. स्वतःकडचे उणे सांगणाऱ्या साक्षीदाराचे बाकीचे शब्द स्टुअर्ड अधिक लक्ष देऊन ऐकतात, हे मी पुष्कळ चौकशांचे निकाल वाचून सांगू शकतो.

त्याचबरोबर कडक स्वारी आणि धोकादायक स्वारी यांतला फरकही मनाशी पक्का करा, नाहीतर तुम्ही प्रत्येक गैरसोयीला अन्याय म्हणू लागाल. स्वतःच्या लाइनीवर राहून तुम्हाला बाहेरून लांबचा रस्ता घ्यायला लावणे, तुमच्या शेजारी घोडा धरून ठेवून तुम्हाला आत कोंडणे, तुम्ही मागाल तेव्हा जागा न देणे, हे सारे त्या जॉकीच्या हक्कात बसते. रेस जिंकण्यासाठीच असते. अट एवढीच की त्याने स्वतःची लाइन सोडून तुमच्या लाइनीत घुसू नये. आणि घोडा खरोखरच आत ओढत असेल, तर चाबूक थांबवावा किंवा दुसऱ्या हातात घ्यावा, दोन्ही हात लगामावर आणावेत, घोड्याचे डोके सरळ करावे आणि त्यात वेग गेला तर जाऊ द्यावा. ज्या बाजूला घोडा कलतो आहे त्याच्या उलट बाजूला चाबूक मारत राहणारा जॉकी घोड्याला त्याच दिशेने आणखी ढकलत असतो. तुमच्या घोड्याच्या माथी जे कारण तुम्ही मारलेत ते खरे असते, तर स्टुअर्डांनी पुढचा प्रश्न हाच विचारायला हवा होता की तुम्ही त्याला सरळ करण्यासाठी काय केलेत. त्या दिवशी तो विचारला गेला नाही. आता विचारला जाईल, आणि त्याचे खरे उत्तर एकच आहे की घोडा सरळ धावत होता.

तुमच्या ट्रेनरांनी दिलेला सल्ला मला फार अस्वस्थ करतो. "त्याला रेल दाखव" याचा अर्थ 60 किलोमीटरच्या वेगात एका माणसाला रेल आणि 500 किलोचा घोडा यांच्यामध्ये चिरडण्याच्या स्थितीत नेणे असा होतो, आणि त्या माणसाखालच्या घोड्याने तर तुमचे काहीच बिघडवलेले नाही. ट्रेनरांना रेस कशी रायडायची याच्या सूचना देण्याचा अधिकार आहे. कोणाला धोक्यात घालण्याची सूचना देण्याचा अधिकार नाही, आणि अशी सूचना पाळली हा बचाव चौकशीत टिकत नाही. सूड घेतल्यावर काय होते याचे जुने उदाहरण 1933 च्या केंटकी डर्बीतले आहे. शेवटच्या टप्प्यात ब्रोकर्स टिपवरचे डॉन मीड आणि हेड प्लेवरचे हर्ब फिशर यांनी धावत्या घोड्यांवरून एकमेकांना पकडले, ओढले, आणि ब्रोकर्स टिप नाकाच्या फरकाने जिंकला. रेलखालून टिपलेल्या एका छायाचित्रात दोघांचेही हात दिसतात. सुरुवात कोणी केली यावर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले, फिशर यांचा आक्षेप फेटाळला गेला आणि दोघांनाही 30 दिवसांचे निलंबन मिळाले. आजच्या काळात कॅमेरे चारी बाजूंनी आहेत. तुम्ही त्याला रेलकडे दाबलेत की दीड महिन्यापूर्वी त्याने काय केले होते हा प्रश्नच संपतो, आणि जी तक्रार तुम्ही रास्तपणे करू शकत होता ती कायमची हातातून जाते.

आणि रागाच्या एका क्षणाची किंमत किती मोठी असते पाहा. 30 सप्टेंबर 2022 रोजी पॅरिसजवळच्या सँ-क्लू येथे क्रिस्तॉफ सुमियॉं यांनी धावत्या रेसमध्ये शेजारच्या रोसा रायन यांना कोपराने ढकलले आणि रायन घोड्यावरून खाली पडले. रायन यांना गंभीर इजा झाली नाही आणि सुमियॉं यांनी माफीही मागितली. तरीही फ्रान्स गॅलॉप या तिथल्या नियामक संस्थेने त्यांना 60 दिवसांसाठी निलंबित केले आणि आगाखान यांच्या तबेल्याशी असलेला त्यांचा करार संपुष्टात आला. सुमियॉं त्या वेळी युरोपातल्या सर्वांत यशस्वी जॉकींपैकी एक होते. तुमच्यासारख्या अप्रेंटिसला असा डाग पुसायला किती वर्षे लागतील, याचा विचार तुमच्या ट्रेनरांनीही करायला हवा होता.

जॉकी रूममधल्या "पोटावर पाय देत नाही" या वाक्याबद्दल मला जास्त बोलायचे आहे, कारण तुमच्या गप्प बसण्याचे मूळ त्यात आहे. हे वाक्य ऐकायला बंधुभावाचे वाटते आणि त्याच्या मुळाशी खरा बंधुभाव आहेही. जे लोक रोज एकत्र जीव धोक्यात घालतात त्यांनी किरकोळ घासाघाशीवरून एकमेकांचे दिवस बुडवू नयेत हा संकेत मलाही मान्य आहे. पण या संकेताचा फायदा कोणाला होतो ते पाहा. ज्याच्याकडे भरपूर घोडे आहेत, ज्याला ट्रेनर विचारतात, त्याच्या पोटाचे रक्षण होते. ज्या मुलाचे कॉलरबोन मोडले त्याच्या बुडालेल्या कमाईबद्दल त्या संकेतात एक शब्दही नाही. धमकी जेव्हा सल्ल्याच्या सुरात दिली जाते तेव्हा ती ओळखायला वेळ लागतो, म्हणून स्पष्ट लिहितो की चौकशीआधी साक्षीदाराला काय बोलायचे ते पढवणे हा स्वारीच्या चुकीपेक्षा वेगळा आणि माझ्या मते तितकाच गंभीर अपराध आहे. तेही तुमच्या निवेदनात आले पाहिजे, त्याचे शब्द जसे आठवतात तसे.

याची किंमत मोजावी लागत नाही असे मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये ब्रायोनी फ्रॉस्ट या अडथळ्यांच्या शर्यतींतल्या नामवंत जॉकीने रॉबी डन या सहकाऱ्याविरुद्ध छळ आणि दमदाटीची तक्रार केली. डिसेंबर 2021 मध्ये स्वतंत्र समितीने ती खरी मानली आणि डन यांना 18 महिन्यांची बंदी घातली, त्यातले तीन महिने स्थगित ठेवून; 2022 मध्ये अपिलात ती दहा महिन्यांवर आली. तक्रार केल्यानंतर सहकाऱ्यांनी आपल्याला दूर लोटल्याचे फ्रॉस्ट यांनी सुनावणीत सांगितले. समितीने एका व्यक्तीला दोषी धरून हात झटकले नाहीत. जॉकींच्या खोलीतली ती गप्प राहायला लावणारी संस्कृतीच खोलवर रुजलेली आणि दडपण आणणारी आहे, अशी चिंता तिने निकालात नोंदवली. तुमच्याशीही काही दिवस कोणी बोलणार नाही, एखाद-दुसरा घोडा हातून जाईल, हे गृहीत धरून चला. मात्र त्याच खोलीत असे काहीजण असतील ज्यांना त्याने रेलकडे दाबले आहे आणि जे तुमच्यासारखेच गप्प आहेत. जखमी मुलगा आता बोलेल तेव्हा त्याच्या शब्दामागे दुसरा शब्द असणे त्याला किती आवश्यक आहे, हे तुमच्याइतके कोणाला कळणार?

प्रत्यक्षात असे करा. आज रात्रीच, कोणाशीही चर्चा करण्याआधी, त्या रेसबद्दल जे आठवते ते लिहून काढा. तारीख, रेस, तुमची जागा, वळणाचा कोणता भाग, तुमच्या बाहेर आणि मागे कोण होते, तुम्ही काय ओरडलात, लगाम केव्हा खेचलात, घोडा कुठे अडखळला. अंतर सांगताना जितके खात्रीने आठवते तितकेच लिहा. "अर्ध्या लांबीपेक्षा जास्त नव्हते" हे "बरोबर तीस सेंटिमीटर" यापेक्षा अधिक विश्वासार्ह असते. मग चौकशीत तुम्ही काय सांगितले होते ते शब्दशः लिहा आणि त्याखाली ते खरे नव्हते असे सरळ लिहा. "माझ्यावर दबाव होता" हे त्यानंतर येऊ द्या, आधी नको. घोड्याची त्या दिवशीची अवस्थाही नोंदवा; पुढच्या पायांना खरचटले होते का, नाल सैल झाली होती का, तबेल्यातल्या मोतद्दाराने किंवा पशुवैद्याने काही पाहिले होते का. अशा दुखापतीची नोंद तबेल्यात असली तर तिची मदत होईल, कारण सरळ धावणाऱ्या घोड्याचे पुढचे पाय दुसऱ्याच्या खुरांना लागल्याची खूण कोणी नंतर रचू शकत नाही.

तुमच्या रेसकोर्सवर जॉकींची संघटना असेल तर तिच्या पदाधिकाऱ्याला, किंवा अप्रेंटिसांना शिकवणाऱ्या निवृत्त जॉकीला सोबत न्या. साक्षीला नव्हे, सोबतीला. मुख्य स्टुअर्डांना भेटीची वेळ मागा, निवेदन लेखी द्या आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा. तिथून बाहेर पडल्यावर त्या जॉकीने विचारले तर "मी माझ्याबद्दल खरे सांगितले" इतके उत्तर पुरे आहे. जॉकी रूममध्ये वाद घालू नका आणि फोनवरून त्याला काहीही लिहून पाठवू नका.

निकाल लागेपर्यंत त्याच्याबरोबर रेस रायडण्याची वेळ येईल. एकदा खाली जाता जाता वाचलेल्या जॉकीचे हात पुढच्या वेळी नकळत आखडतात, तो गरज नसताना लगाम घेतो, आणि अशा संकोचलेल्या स्वारीने मागच्या जॉकीला धोका होतो. सकाळच्या कसरतीत दोन घोड्यांच्या मधून घोडा नेण्याचा सराव पुन्हा करा, आधी कमी वेगात. रेसमध्ये त्याच्या मागे थेट धावण्यापेक्षा त्याच्या घोड्याच्या बाहेरच्या बाजूला अर्धी जागा ठेवून राहा, आणि कोणी आत येऊ लागले की पहिल्याच क्षणी मोठ्याने ओरडा. ओरडण्यात कमीपणा काहीच नाही, मागच्या सगळ्यांना तीच पहिली सूचना असते. हात स्थिर होत नाहीत असे वाटले तर काही दिवस घोडे नाकारा. तेवढे घोडे गेले तर जाऊ द्या.

त्या जखमी मुलाकडे निवेदन देण्याच्या आधी जा. तो हे इतर कोणाकडून ऐकण्यापेक्षा तुमच्याकडून ऐकेल हे बरे, आणि तो तुमच्यावर रागावला तर त्याचा राग ऐकून घ्या. त्याला तुमच्या निवेदनाशी जुळवून बोलायला मात्र सांगू नका. त्याने पाहिले ते त्याचे, तुम्ही पाहिले ते तुमचे. ट्रेनरांनाही आधी सांगा, परवानगी मागण्यासाठी नको, कळवण्यासाठी. त्यांनी घोडे काढून घेतले तर दुसऱ्या तबेल्यात सकाळची कसरत मागायला लाजू नका. सरळ लाइनीत घोडा आणणारा आणि चौकशीत खरे बोलणारा अप्रेंटिस हवा असणारे ट्रेनर आहेत, आणि ते कोण आहेत हे तुमच्या रेसकोर्सवरच्या जुन्या मोतद्दारांना नक्की ठाऊक असेल.